लवणारी भाकरी

"तो आयला का घरात?"

दारात उभी राहून काकीने हा प्रश्न विचारला की नवख्या माणसाला वाटायचं, आमच्याकडे कोणी दारुडा नातेवाईक अधूनमधून येऊन तमाशा करून जात असणार. "तो" म्हणजे गहू. त्याचं नाव ती तोंडाने घेत नसे. उत्तराची वाटही बघत नसे. चपला दाराबाहेर, पदर कमरेला, आणि थेट स्वयंपाकघरात. तव्याच्या कडेवरून बोट फिरवायचं, ते बोट खिडकीच्या उजेडात धरायचं, दोन डब्यांची झाकणं उघडून वास घ्यायचा आणि मग स्वतःच जाहीर करायचं, "नाय आयला."

घर माझं, तवा माझा, पण त्या क्षणी मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. रोज साठ पोरांना पास-नापास करणाऱ्या माणसाची ही अवस्था.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अंगाला. ती उभी आहे काकीच्या सासऱ्याच्या भातशेतावर. शेत बिल्डरला गेलं, बदल्यात त्यांना आमच्या खालचे, पहिल्या मजल्यावरचे तीन फ्लॅट मिळाले. पण काकीच्या डोक्यातलं शेत काही हललं नव्हतं. "तुजा गॅस हाय ना मास्तर, तिथं आमचा खलं होता." खळं, जिथे भात झोडपायचं. "आनि तू झोपतोस तिथं गुडघाभर पानी तुंबायचा." हे कळल्यापासून मी उन्हाळ्यातही पायावर चादर घेऊन झोपतो.

तिची आमची ओळख झाली ती भांडणातून. पण त्याआधी थोडं माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं.

वृंदा ठाण्याला नोकरी करते. लग्न झालं तेव्हापासून ती दमलेली होती. मी समजायचो, माझ्यामुळे. अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला. शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं आणि सांगितलं, सिलियाक आहे. गहू, मैदा, जव, सगळं जन्मभर बंद. कणभरही नाही. गव्हातल्या चिकट प्रथिनाने तिच्या आतड्याचं अस्तर झिजत होतं, आणि आम्ही त्यावर बीट चोळत होतो.

मी विचारलं, "रविवारी चालेल का?"

मी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे जसं बघतो तसं डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

माझी शाळा सकाळची. दोनला मी घरी असतो. वृंदाला घरी यायला पावणेआठ होतात. म्हणजे रात्रीचं जेवण माझ्याकडे आलं. आम्ही दोघंही शाकाहारी, म्हणजे अंडं-मासा आधीपासून नाही, त्यात आता गहू नाही. पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या हुशारीने पोळ्यांना फाटा दिला आणि कढईभर उपमा केला. वर कोथिंबीर, खोबरं, लिंबाची फोड. वृंदाने चमचा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, रवा कशाचा असतो?"

नववीच्या पुस्तकात हे नाही, एवढंच मी माझ्या बाजूने म्हणू शकतो.

आता या प्रसंगात एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल, माझ्याही सुटली होती. रवा गव्हाचा असतो हे तिला माहीत होतं, तरी तिने चमचा दुसऱ्यांदा उचलला होता. वृंदाला नाही म्हणता येत नाही. ताटात पडेल ते संपवायचं आणि छान झालंय म्हणायचं. लग्न ठरवताना तिच्या आईने अभिमानाने सांगितलं होतं, "आमची वृंदा कशालाच नाही म्हणत नाही." मला तो मोठा गुण वाटला होता. साहजिक आहे. मला होकार आला तो त्याच गुणामुळे.

उपम्यानंतर मी ज्वारीच्या भाकरीच्या मागे लागलो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. थापताना कडा फाटतात, उचलताना मधोमध तुटते. पहिली भाकरी ओट्याला अशी बसली की मी ती शाळेच्या स्टीलच्या फूटपट्टीने खरवडून काढली. पंधरा दिवस आमच्याकडे भाकरीचा चुराच होता. वृंदा तो आमटीत कालवून खायची आणि म्हणायची, "छान लागतोय."

गिरणीवाल्याकडे मी रडगाणं गायलं. "काय हो, तुमच्या पिठाची भाकरी फाटते." तो भला माणूस. म्हणाला, "सर, काळजी करू नका. पुढचं दळण बघा."

आणि खरोखर पुढच्या दळणाला चमत्कार झाला. भाकरी थापली, गोल झाली. उचलली, तुटली नाही. तव्यावर फुगली! मी तिचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापिकाबाईंनी अंगठा दाखवला. वृंदा आल्यावर मी गरम भाकरी तिच्या ताटात ठेवून समोर उभाच राहिलो. ती म्हणाली, "छान झालीय." तीन आठवडे मी रोज भाकऱ्या थापल्या, आणि रोज ती छान झाली होती.

त्या तीन आठवड्यांच्या शेवटी एका रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची काकी. साठी ओलांडलेली, हातात चार-चार बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकवाचं गोंदण.

"रोज सांजच्याला वरती काय ठोकतोस रं? माज्या डोक्याव पंखा हलतो."

मी पिठाचे हात पुढे केले. "भाकरी थापतोय, काकी."

"भाकर? की ढोल?"

ती आत आली. टेबलावर आमची पानं वाढलेली होती. तिने माझी भाकरी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि वहीसारखी दुमडली. दोन टोकं एकमेकांना टेकली. भाकरी तुटली नाही. मी अभिमानाने वृंदाकडे बघितलं.

"ही कशाची?"

"ज्वारीची."

"ज्वारीची भाकर अशी लवत नाय. कनाला करतोस ज्वारीची?"

कनाला म्हणजे कशाला. मला समजावून सांगायची हौस. मी पेपर तपासायला आणलेल्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढून त्यावर आतड्याची आकृती काढली, अस्तर दाखवलं, बाण काढले. काकीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी हिना गहू बाधतो."

"बरोबर."

"मंग यात गहू कनाला टाकलास?"

मी हसलो. मग उठून, चपला घालून, गिरणी बंद व्हायच्या आत धावत गेलो. गिरणीवाला झाडू मारत होता. मी विचारलं तर त्याचा चेहरा खुलला. "जमल्या ना भाकऱ्या? किलोमागं दोन मुठी गहू घालतो तुमच्यासाठी. कोणाला सांगू नका, सगळेच मागतील."

त्याला मी आजार कधी सांगितलाच नव्हता. फक्त भाकरी फाटते एवढंच सांगितलं होतं. त्याने भाकरीवर इलाज केला होता.

परत आलो तेव्हा काकी खुर्चीवर आणि वृंदा तिच्यासमोर, मान खाली घालून. मी जे सांगितलं त्याचं वृंदाला काहीच नवल वाटलं नाही.

"दुसऱ्या दिवसापासूनच पोट दुखत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास."

काकीने आधी तिच्याकडे बघितलं. "तुना तोंड नाय?" मग माझ्याकडे. "आनि तुना डोले नायत." दोन वाक्यांत आमच्या अकरा वर्षांच्या संसाराचा अहवाल देऊन ती भाकऱ्यांची चळत उचलून घेऊन गेली. तिच्या घरच्यांनी त्या मटणाबरोबर खाल्ल्या आणि चांगल्या लागल्या असं कळलं.

त्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला. जो आकडा खाली यायला हवा होता तो वर चढला होता. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर आतडं भरून येणार नाही, मग हाडं आणि पुढचं सगळं. चुकून जातंय की कोणी देतंय, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता काकी हजर. हातात परात आणि एक डबा. "गहू आमच्या वावरात कदी उगवला नाय," ती म्हणाली. "हिकडं सगला भातच. तांदलाची भाकर शिक." तिच्या जुन्या गावठाणातल्या गिरणीत तांदळाचं जातं वेगळं होतं, त्यात दुसरं धान्य पडत नसे. ते पीठ ती स्वतः उभी राहून दळून आणायची.

उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकायचं आणि गरम असतानाच मळायचं, ही ती विद्या. मी बोट लावलं आणि ओरडलो. "थंड झाला का ती भाकर तुज्या ज्वारीसारखी होनार," काकी म्हणाली. तिने ती उकड थेट हाताने मळली. गोंदलेल्या मनगटापर्यंत वाफ येत होती आणि ती मला शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगत होती. मग दोन तळव्यांत पाणी लावून गोळा असा फिरवला की परातीत पडेपर्यंत त्याची भाकरी झालेली होती. पांढरी, पातळ. आवाज नाही. खालच्या मजल्यावरचा पंखा हलण्याचा प्रश्नच नव्हता.

मला जमायला दोन महिने लागले. तोवर माझ्या बोटांना जो रंग आला होता त्यावरून वर्गातल्या मुलांनी मला रासायनिक प्रयोगात अपघात झाला अशी अफवा उठवली. मी ती खोडून काढली नाही. खरं कारण जास्त लाजिरवाणं होतं.

काकीला गव्हाचं काही वाटत नव्हतं, ते तिने एका दमात मान्य केलं. तिला झेपत नव्हतं ते आमचं शाकाहारी असणं. "मासा नाय, गहू नाय. मंग जेवता कनाला?" पण तिने आव्हान स्वीकारलं होतं. आमच्यासाठी वेगळा तवा घेतला, त्याला मासळीचा वास लागू नये म्हणून तो आमच्याच घरी ठेवला. आणि मग तिने एक युक्ती काढली. तिला जे येत होतं तेच ती करायची, फक्त मासा काढून. सुरणाचे जाड काप करून त्यांना आलं-लसूण-मसाला चोळायचा, चिंचेचं पाणी, वरून तांदळाचं पीठ, आणि तव्यावर कुरकुरीत. "घे, सुरमई." वांग्याचे काप म्हणजे पापलेट. शेवग्याच्या शेंगांचं खोबरं घातलेलं आंबट कालवण, ते कोलंबीचं. वालाचं बिरडं मात्र वालाचंच राहिलं, त्याला कोणाचं नाव लागेना.

वृंदा आयुष्यात मासा न खाल्लेली बाई. ती ऑफिसातून आली की दारातूनच विचारायला लागली, "आज कोणता मासा?"

एकदा मी हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ असतं! इतक्या दिवसांत मी स्वतः शोधलेली ही पहिली गोष्ट. मी डबी घेऊन खाली धावलो आणि काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने डबी घेतली आणि कचऱ्यात टाकली. "लसूण हाय ना," म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. शोध लावणाऱ्यांची कदर होत नाही ती अशी.

घरातलं जेवण सुधारलं तसा रिपोर्ट थोडा उतरला. पण थोडाच. कारण घराबाहेर वृंदाचं तोंड अजून बंदच होतं. ऑफिसात कोणाचा वाढदिवस, एक तुकडा केक. हळदीकुंकवाला करंजी. सोसायटीत सत्यनारायण, चिमूटभर शिरा. "प्रसादाला कसं नाही म्हणायचं," ती म्हणायची, आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, म्हणायचो, "चिमूटभराने काय होतंय." मग दोन दिवस ती पोट धरून ऑफिसला जायची.

एका पूजेला सेक्रेटरींच्या पत्नी द्रोण घेऊन पुढे आल्या. वृंदाचा हात आपोआप पुढे झाला. शेजारी बसलेल्या काकीने तो द्रोण मधल्यामध्ये उचलला आणि शिरा तोंडात टाकला.

"अहो, तो वृंदाचा!"

"तिचा मीच खाते. देवाना सांगितलाय."

त्यानंतर प्रत्येक समारंभाला काकी वृंदाच्या उजव्या बाजूला बसायची. वर्षभर ती वृंदाच्या वाटचं खात होती. अनारसे सोडून करंज्या-लाडवांसकट सगळं. (अनारसे तांदळाचे, ते वृंदाला.) डॉक्टरांनी काकीला साखर सांभाळायला सांगितली होती, हे आम्हाला कळलं तेव्हा वृंदा रडली. काकी रागावली. "रडतेस कनाला? बोलायला शिक. माजा तोंड किती दिवस वापरशील?"

मग तिने शिकवणी सुरू केली. शिकवणी म्हणजे अशी. काकी हातात काहीतरी घेऊन उभी राहायची, कधी रिकामी वाटी, आणि लाडीगोडी लावायची.

"घे गो पोरी, एकच लाडू. माज्या हातचा."

"नको, काकी."

"आयकू नाय आला."

"नको."

"मी मरनार हाय उद्या. आज तरी खा."

"असं काय बोलताय... बरं, अर्धा द्या."

"नापास!" काकी माझ्याकडे बघून ओरडायची. "मास्तर, लिव. नापास!"

अशी वृंदा निदान तीस-चाळीस वेळा नापास झाली असेल. मीही मध्येच रिकामी वाटी घेऊन प्रयत्न करून बघायचो. मला वृंदा नाही म्हणायची, अगदी सहज. काकी म्हणाली, तुला नाही म्हणायला काही लागत नाही.

गेल्या वर्षी काकी गेली. दोन दिवस छातीत जडपणा, दवाखाना, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी फोन. त्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी तिचा पिठाचा डबा होता. दवाखान्यात जायच्या आधी दळून ठेवलेलं पीठ तिने पोराच्या हाती पाठवलं होतं. मी त्याच्या भाकऱ्या केल्या. काय करणार दुसरं? वृंदाला रात्री जेवायचं होतं.

तेराव्याचं जेवण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होतं. टेबलं नव्हती, सतरंज्यांवर पंगत, काकीच्या गावचे आणि आमच्या सोसायटीचे मिळून तीनशे माणूस. केटररचं जेवण, पुरी, बटाट्याची भाजी, भात, वरण, लाडू. वृंदाच्या उजव्या बाजूला काकीची कोणी मामेबहीण बसली होती. मी समोरच्या ओळीत होतो. आमच्यामध्ये वाढप्यांची ये-जा, त्यामुळे मला वृंदा मध्येच दिसायची, मध्येच नाही.

पुऱ्या घेऊन काकीचा मुलगा स्वतः आला. डोक्याचे केस काढलेले, पांढरा सदरा, डोळे सुजलेले. प्रत्येकाच्या पानात वाकून दोन-दोन पुऱ्या ठेवत होता. वाढताना प्रत्येकाला तो एकच वाक्य म्हणत होता. वृंदापाशी आला तेव्हाही तेच.

"आईच्या नावाचा घास हाय, वहिनी."

मी अर्धवट उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून परत बसलो. तेवढ्यात आवाज आला.

"नको. मला गहू चालत नाही."

पंगतीतल्या दोन-चार माना वळल्या. मुलगा पुरी हातात धरून तसाच वाकलेला. "एकच, वहिनी. आज नाय नका बोलू. आईला वाईट वाटंल."

"नाही वाटणार," वृंदा म्हणाली. आवाज ऐकू येत होता, माझ्या ओळीपर्यंत. "मला फक्त भात वाढ."

त्याने पुरीचं ताट शेजाऱ्याच्या हातात दिलं, मागून भाताचं पातेलं ओढलं आणि मूठभर भात उचलायला हात घातला.

"थांब," वृंदा म्हणाली. "आधी हात धुऊन ये. पुरीचा हात आहे तो."

आता मात्र सगळ्या ओळीच्या माना वळल्या. कोणीतरी, "अगं, आजच्या दिवशी तरी..." असं म्हणालं. मामेबहीण वृंदाकडे टक लावून बघत होती. काकीच्या मुलाने एकदा आपल्या हाताकडे बघितलं, एकदा वृंदाकडे. मग पार्किंगच्या कोपऱ्यातल्या नळाशी गेला. साबण नव्हता. त्याने वॉचमनला हाक मारून साबण मागवला. तीनशे माणसांच्या पंगतीत एक टकला माणूस पाठमोरा उभा राहून कोपरापर्यंत हात चोळत होता, आणि त्याला घाई नव्हती.

तो परत आला तेव्हा हातांचं पाणी केळीच्या पानावर ठिबकत होतं. त्याने भात वाढला.

"अजून थोडा," वृंदा म्हणाली.